घोरणे : झोपेत अडलेली श्वासाची वाट

लग्नघरी मुक्काम करण्याचा प्रसंग तुमच्यावर कधीतरी आलाच असेल. ओटीवर, पडवीत, माजघरात, मिळेल तेथे पथाऱ्या पसरलेल्या असतात. दिवे मालवतात, गप्पा थांबतात आणि थोड्याच वेळात एखाद्या कोपऱ्यातून घोरण्याचा आवाज सुरू होतो. आधी बारीक, मग चढता. आजूबाजूच्यांच्या झोपेचे खोबरे होते. सकाळी चहाच्या वेळी त्या काकांची थट्टा होते. "काय ढाराढूर झोपला होतात हो!" असे कोणीतरी म्हणते. तेही हसतात आणि विषय तेथेच संपतो.

घोरणे म्हणजे गाढ झोप, अशी आपली समजूत फार जुनी आहे. कुंभकर्णाची गोष्ट सांगतानाही आपण त्याला घोरायला लावतो. पण तुम्ही कधी नीट कान देऊन ऐकले असेल, तर एक गोष्ट लक्षात आली असेल. काही माणसांचे घोरणे एका लयीत चालत नाही. आवाज चढत जातो आणि मध्येच बंद पडतो. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी तीस सेकंद पूर्ण शांतता असते. मग गुदमरल्यासारखा मोठा आवाज होतो, माणूस कूस बदलतो आणि घोरणे पुन्हा सुरू होते.

त्या मधल्या शांततेत काय चालते? छाती आणि पोट हलत असतात. शरीर श्वास घेण्याची धडपड करीत असते. पण नाकातोंडातून हवा आत जात नसते. या विकाराला निद्रा-श्वासरोध म्हणतात. डॉक्टरांच्या तोंडी त्याचे नाव 'स्लीप अ‍ॅप्निया' असे असते. अ‍ॅप्निया हा ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ 'श्वास नसणे' असा आहे.

हा विषय वैद्यकशास्त्राचा खरा, पण त्याच्या मुळाशी असलेले तत्त्व तुमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातले आहे. म्हणून पदार्थविज्ञानाच्या एका शिक्षकाने त्यावर लिहायला हरकत नसावी. शिवाय, या विकाराचा तुमच्या वर्गाशीही संबंध आहे. तो कसा, हे लेखाच्या उत्तरार्धात पाहू.

एक नळी, तीन प्रकारच्या भिंती

नाकपुडीतून निघालेली हवा फुप्फुसापर्यंत जाते, तिचा मार्ग डोळ्यांसमोर आणा. सुरुवातीला नाकाची पोकळी लागते. तिला हाडांचा आणि कूर्चेचा आधार आहे. शेवटी श्वासनाल लागते. तिच्यात कूर्चेची कडी एकाखाली एक बसवलेली असतात. मानेवर समोरून हलकेच बोट फिरवले तर ती हाताला लागतात. या दोहोंच्या मध्ये जो भाग आहे तो म्हणजे घसा, शास्त्रीय भाषेत ग्रसनी. याच्या भिंती मऊ आहेत. पुढे जिभेचे मूळ, वर मृदुतालू आणि तिला लोंबणारी पडजीभ, बाजूंना टॉन्सिल, ज्यांना मराठीत गिलायू असाही शब्द आहे.

हा भाग मऊ का? कारण त्याला पुष्कळ कामे करावी लागतात. घास गिळताना त्याला आवळावे लागते, बोलताना आकार बदलावा लागतो. तो लोखंडी नळासारखा ताठ असता तर गिळणे आणि बोलणे दोन्ही अवघड झाले असते. जागेपणी या भागातले स्नायू ताठ राहून वाट मोकळी ठेवतात. झोप लागली की शरीरातले इतर स्नायू सैलावतात, तसे हेही सैलावतात. त्यातही झोपेचा एक टप्पा असा असतो, की त्यात बंद पापण्यांखाली बुबुळे भराभर हलत असतात आणि स्वप्ने पडत असतात. १९५३ साली शिकागो येथे अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी या टप्प्याचे वर्णन प्रसिद्ध केले. या टप्प्यात स्नायू सर्वांत अधिक सैल पडतात. बहुतेकांचा घसा तेवढ्याने बंद होत नाही. वाट थोडी अरुंद होते, एवढेच. पण ज्यांची वाट मुळातच अरुंद आहे, त्यांची पंचाईत होते.

शहाळे आणि कागदाची नळी

ही पंचाईत कशी होते, ते समजण्यासाठी एक सोपा प्रयोग करा. आपल्या चिपळुणात शहाळ्यांना तोटा नाही. अलीकडे पुष्कळ ठिकाणी शहाळ्याबरोबर कागदाची नळी मिळते. नळी कोरडी असते तोवर पाणी सहज वर येते. दहा-पंधरा मिनिटांनी ती भिजून मऊ पडते. मग ओढायला लागले की नळीच्या भिंती आत येतात. तुम्ही वैतागून आणखी जोराने ओढता, तशी ती आणखीच चपटी होते. शेवटी पाणी यायचे थांबते.

असे का होते? आपण ओढतो तेव्हा नळीतला दाब कमी करतो. बाहेरच्या हवेचा दाब मात्र तेवढाच राहतो. कोरडी नळी हा फरक सोसते, भिजलेली नळी सोसू शकत नाही. जितके जोराने ओढाल तितका दाबातला फरक वाढतो आणि नळी तितकी घट्ट मिटते.

जागेपणीचा घसा म्हणजे कोरडी नळी आणि झोपेतला घसा म्हणजे भिजलेली नळी, असे समजा. आपण श्वास घेतो तेव्हा श्वासपटल खाली सरकते, छाती फुगते, आतला दाब थोडा कमी होतो आणि बाहेरची हवा आत शिरते. म्हणजे दर श्वासाला आपण घशाच्या नळीतून हवा ओढतच असतो. १९८८ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी झोपलेल्या माणसांच्या नाकाशी दाब कमीअधिक करून घसा कोणत्या दाबाला मिटतो हे मोजले. निरोगी माणसाचा घसा मिटवायला बरेच शोषण लागले. निद्रा-श्वासरोधाच्या रुग्णांचा घसा मात्र वातावरणाच्या नेहमीच्या दाबालाच मिटत होता. म्हणजे त्यांच्या बाबतीत झोपेत वाट बंद होणे हीच साहजिक गोष्ट झाली होती!

यात आणखी एका नियमाची भर पडते. नळीतून द्रव किंवा वायू संथपणे वाहत असेल तर त्याला होणारा रोध नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. हा प्वाझय यांचा नियम. त्रिज्या निम्मी झाली तर रोध दुप्पट किंवा चौपट होत नाही, तो सोळा पट होतो. घशातला प्रवाह नेहमीच संथ नसतो, त्यामुळे प्रत्यक्ष हिशेब अधिक गुंतागुंतीचा आहे. पण वाट जराशी अरुंद झाली तरी श्वासाचे श्रम फार वाढतात, हे या नियमावरून चांगले समजते.

आवाज कोठून येतो?

माडाच्या पात्याची पिपाणी तुम्ही वाजवली असेल. पाते हवेच्या झोतात थरथरते आणि आवाज निघतो. घोरण्याचा आवाजही याच जातीचा. अरुंद वाटेतून हवा वेगाने जाते. जेथे प्रवाहाचा वेग वाढतो तेथे दाब कमी होतो, असे बर्नूलीचे तत्त्व सांगते. त्यामुळे मृदुतालू आणि पडजीभ आत ओढली जातात. वाट मिटू लागली की प्रवाह मंदावतो, दाब पुन्हा वाढतो आणि ती मागे सरतात. हे एका सेकंदात कित्येक वेळा घडते आणि ती थरथर आपल्याला घोरणे म्हणून ऐकू येते.

तेव्हा घोरणे हा गाढ झोपेचा पुरावा नव्हे. वाट अरुंद झाली आहे, एवढेच तो आवाज सांगतो. घोरणाऱ्या प्रत्येकाला विकार असतो असे मात्र मुळीच नाही. सर्दीत, फार दमल्यावर किंवा उताणे झोपल्यावर पुष्कळजण घोरतात. लक्ष द्यायचे ते रोजच्या घोरण्याकडे आणि मध्येच पडणाऱ्या त्या शांततेकडे.

श्वास थांबतो तेव्हा

आता थोडा हिशेब करू. प्रौढ माणसाने शांतपणे श्वास सोडला तरी त्याच्या फुप्फुसांत सुमारे अडीच लिटर हवा उरते. तिच्यात सुमारे १४ टक्के प्राणवायू असतो. म्हणजे साठा झाला सुमारे ३५० मिलिलिटर. स्वस्थ पडलेल्या माणसाचे शरीर मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर प्राणवायू वापरते. श्वास अर्धा मिनिट थांबला तर १२५ मिलिलिटर, म्हणजे साठ्याच्या एकतृतीयांशाहून अधिक प्राणवायू खर्च होतो. माणूस आडवा असताना, त्यातून स्थूल असेल तर, हा साठा मुळातच कमी असतो. म्हणून रक्तातला प्राणवायू झपाट्याने उतरतो आणि कार्बन डाय-ऑक्साइड वाढतो.

मेंदू हे सतत तपासत असतो. धोका दिसताच तो माणसाला काही क्षणांपुरता जागा करतो. स्नायू पुन्हा ताठ होतात, वाट उघडते, मोठ्या आवाजाने हवा आत शिरते आणि माणूस पुन्हा झोपतो. हे जागे होणे इतके अल्पकाळ असते की सकाळी त्याची आठवणही राहत नाही. तासाला ३० वेळा असे घडले तर आठ तासांत २४० वेळा झोपमोड होते. असा माणूस आठ तास अंथरुणात असतो, पण त्याला पुरेशी विश्रांती मिळत नाही. सकाळी डोके दुखते. दिवसा तो पेंगतो, चिडतो, विसरतो. दर वेळी रक्तदाब उसळतो आणि वर्षानुवर्षे हे चालले तर उच्च रक्तदाब आणि हृदयविकार यांचा धोका वाढतो.

पेंगणारा माणूस गाडी चालवीत असला तर? ताशी ६० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. तीन सेकंद डोळा लागला तर गाडी ५० मीटर चालकाविना धावते. मुंबई-गोवा महामार्गावरून किंवा कुंभार्ली घाटातून जाताना एकेका वळणामधले अंतर पाहा आणि या आकड्याचा विचार करा.

श्वासरोधाचा आणखी एक प्रकार आहे. त्यात वाट मोकळी असते, पण श्वास घेण्याची आज्ञाच मेंदूकडून काही काळ येत नाही. त्याला केंद्रीय श्वासरोध म्हणतात. हृदय दुर्बल झालेल्या काही रुग्णांत आणि उंच पर्वतावर झोपणाऱ्या गिर्यारोहकांत तो दिसतो. अधिक लोकांना होतो तो मात्र वाट अडल्यामुळे होणारा पहिला प्रकार.

रात्र मोजायची कशी?

झोपलेल्या माणसाला स्वतःविषयी काही सांगता येत नाही. म्हणून हा विकार माणसांना पुरातन काळापासून होत असला तरी शास्त्रज्ञांना तो फार उशिरा उमगला. १९६५ साली फ्रान्समध्ये आंरी गास्तो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तसेच जर्मनीत युंग आणि कूलो यांनी, झोपेतल्या मेंदूच्या आणि श्वासाच्या नोंदी एकाच वेळी घेतल्या. तेव्हा झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडतो आणि मेंदू पुन्हा पुन्हा जागा होतो, हे कागदावर उमटले.

आजही चाचणीचे तत्त्व तेच आहे. रात्रभर मेंदूच्या विद्युत्लहरी, डोळ्यांच्या हालचाली, हनुवटीच्या स्नायूंचा ताण, हृदयाचे ठोके, नाकातला वायुप्रवाह, छाती व पोट यांची हालचाल आणि रक्तातला प्राणवायू यांची नोंद करतात. प्रौढांत वायुप्रवाह दहा सेकंद किंवा अधिक काळ थांबला तर तो एक श्वासरोध धरतात. अशा पूर्ण आणि अर्धवट अडथळ्यांची तासाची सरासरी काढतात. ती पाचाहून कमी असेल तर प्रौढांसाठी ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० किंवा अधिक म्हणजे तीव्र विकार. लहान मुलांसाठी मोजपट्टी फार कडक आहे. तासाला एक अडथळासुद्धा त्यांच्या बाबतीत दखल घेण्याजोगा मानतात.

यातले एक उपकरण तुमच्या ओळखीचे आहे. २०२० आणि २०२१ मध्ये करोनाच्या साथीत घरोघर बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला होता. त्यात दोन दिवे असतात. एक लाल, दुसरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. प्राणवायू घेतलेले हीमोग्लोबिन लाल प्रकाश कमी शोषते आणि अवरक्त प्रकाश अधिक शोषते. प्राणवायू सोडलेल्या हीमोग्लोबिनचे याच्या उलट. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला बोटात जे नवे रक्त येते, त्याने हे दोन प्रकाश किती शोषले याची तुलना करून उपकरण टक्केवारी दाखवते. ही कल्पना १९७४ साली जपानच्या ताकुओ आओयागी यांनी मांडली. २०२० साली, साथ सुरू झाली त्याच वर्षी, त्यांचे निधन झाले. निरोगी माणसाचा आकडा साधारण ९५ ते १०० असतो. निद्रा-श्वासरोधाच्या रुग्णाचा रात्रीचा आलेख काढला तर तो करवतीच्या दात्यांसारखा खालीवर होताना दिसतो. मात्र केवळ घरच्या ऑक्सिमीटरकडे पाहून निदान करू नये. काहींचा प्राणवायू फारसा उतरत नाही, पण झोप मोडतच असते.

मुंबईतील पाहणी

हा विकार पाश्चात्त्य देशांतल्या लठ्ठ माणसांचा, असे पुष्कळ दिवस वाटत होते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात टेरी यंग आणि सहकाऱ्यांनी मध्यमवयीन नोकरदारांची पाहणी केली. १९९३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तासाला पाच किंवा अधिक अडथळे २४ टक्के पुरुषांत आणि ९ टक्के स्त्रियांत आढळले. मग आपल्याकडे काय स्थिती आहे?

याचे उत्तर शोधण्याचा महत्त्वाचा प्रयत्न मुंबईत झाला. हिंदुजा रुग्णालयातील छातीच्या विकारांचे तज्ज्ञ डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकारी यांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी केली. हे कोणी झोपेची तक्रार घेऊन आलेले रुग्ण नव्हते. नेहमीच्या आरोग्य-तपासणीसाठी आलेले नागरिक होते. ६५८ जणांनी प्रश्नावली भरून दिली. त्यांपैकी १७१ जण, म्हणजे २६ टक्के, नेहमी घोरणारे निघाले. पुढे २५० जणांची रात्रीची तपासणी त्यांच्या घरीच करण्यात आली. त्यावरून काढलेला अंदाज असा : १९.५ टक्के पुरुषांना झोपेत श्वासाचे अडथळे होते आणि दिवसाच्या पेंगेसह पूर्ण विकार ७.५ टक्के पुरुषांना होता. २००४ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

या आकड्यांचा अर्थ नीट लावा. ही पाहणी मुंबईतल्या मध्यमवयीन पुरुषांची आहे. ती जशीच्या तशी चिपळूणच्या किंवा गुहागरच्या लोकांना, स्त्रियांना किंवा मुलांना लावता येणार नाही. पण हा विकार आपल्याकडेही मुबलक आहे आणि बहुतेकांना त्याचा पत्ताच नसतो, एवढे त्यावरून निश्चित झाले. वाढते वजन, जाड मान, मागे असलेला लहान खालचा जबडा या गोष्टींमुळे धोका वाढतो. सडपातळ माणसालाही हा विकार होऊ शकतो.

हवेचा आधार

निदान झाले, पण उपाय काय? १९८० पर्यंत तीव्र विकारावर खात्रीचा उपाय म्हणजे शस्त्रक्रियेने मानेला, श्वासनालेत, भोक पाडणे एवढाच होता. ऑस्ट्रेलियातील सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी वेगळा विचार केला. आतला दाब कमी झाल्यामुळे नळी मिटते, तर मग आतला दाब जरासा वाढवून धरला तर? त्यांनी पाच रुग्णांच्या नाकावर मुखवटा बसवून पंपाने हवेचा हलका, सतत दाब दिला. वाट मिटणे थांबले आणि रुग्ण शांत झोपले. हा शोधनिबंध १९८१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला.

त्यांना किती दाब लागला? पाण्याच्या ४.५ ते १० सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाएवढा! आपण १० सेंटिमीटर धरून हिशेब करू. दाब म्हणजे घनता गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची. १००० × ९.८ × ०.१ = ९८० पास्कल. वातावरणाचा दाब सुमारे १,०१,३०० पास्कल असतो. म्हणजे वाढवलेला दाब जेमतेम एक टक्का! आपल्याच तालुक्यातील पोफळीच्या वीजघरात शेकडो मीटर उंचीवरून येणाऱ्या पाण्याच्या दाबाने टर्बाइनची चक्रे फिरतात. येथे अर्ध्या वितीएवढे पाणी एका माणसाची रात्र सुधारते.

तुम्ही विचाराल, मग डोंगरावरून खाली उतरलो तरी हवेचा दाब वाढतो, तेवढ्याने हा विकार का बरा होत नाही? प्रश्न चांगला आहे. डोंगर उतरताना दाब घशाच्या आत आणि बाहेर सारखाच वाढतो. नळी उघडी राहायला आतल्या आणि बाहेरच्या दाबात फरक हवा. मुखवट्यामुळे तो फरक निर्माण होतो. भिजलेल्या नळीत फुंकर मारून पाहा, ती लगेच गोल होते.

आज या यंत्राबरोबर इतर उपायही आहेत. वजन कमी करणे, कुशीवर झोपणे, मद्य टाळणे, खालचा जबडा किंचित पुढे धरणारे दातांवरचे साधन आणि काहींच्या बाबतीत शस्त्रक्रिया. कोणाला काय लागू पडेल हे तपासणीनंतर डॉक्टरच ठरवतात.

मुलांचे काय?

आता तुमच्या वर्गाकडे येऊ. मुलांत वाट अडवणारे मुख्य कारण असते वाढलेले टॉन्सिल आणि नाकाच्या मागे असणारी अ‍ॅडिनॉइड ही गाठ. साधारण दोन ते आठ या वयात वाटेच्या मानाने ती मोठी असतात. हिशेबासाठी समजा, मोठ्या माणसाच्या वाटेची त्रिज्या ८ मिलिमीटर आणि लहान मुलाची ४ मिलिमीटर आहे. दोघांच्याही त्रिज्येत १ मिलिमीटर घट झाली. प्वाझयच्या नियमाने मोठ्याचा रोध सुमारे १.७ पट होईल, मुलाचा ३ पटींहून अधिक. तेवढीच सूज, पण लहानाला त्याचा जाच जास्त.

लंडनचे डॉक्टर विल्यम हिल यांनी १८८९ सालीच 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक लेख लिहिला होता. मुलांच्या अभ्यासातील मागासलेपणाची आणि मंदपणाची काही कारणे नाक-घशाच्या अडथळ्यांत आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. रात्रीच्या नोंदी घेण्याची साधने तेव्हा नव्हती. त्यानंतर सुमारे ८७ वर्षांनी, १९७६ साली, स्टॅनफर्ड येथील क्रिस्तियां गिलमिनो आणि सहकारी यांनी आठ मुलांमधील निद्रा-श्वासरोधाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. पाश्चात्त्य देशांतील पाहण्यांवरून मुलांत याचे प्रमाण साधारण शेकडा एक ते पाच धरतात. हाच अंदाज लावला तर ६० मुलांच्या वर्गात एखाद-दुसरे मूल असे असू शकेल.

हे मूल ओळखणे अवघड असते, कारण मोठी माणसे पेंगतात तसे ते पेंगेलच असे नाही. झोप अपुरी झालेले मूल अनेकदा उलट चुळबुळे होते. एका जागी बसत नाही, लक्ष टिकत नाही, चिडते. घरी ते रोज घोरते, तोंड उघडे ठेवून झोपते, मान मागे ताणते, घामाघूम होते. कधी मोठ्या वयातही अंथरूण ओले करते. घरचे म्हणतात खोडकर, शाळेत म्हणतात ढ. श्वासाकडे कोणाचे लक्ष जात नाही.

उपायाने गुण येतो का? अमेरिकेत कॅरोल मार्कस आणि सहकारी यांनी ५ ते ९ वयाच्या ४६४ मुलांवर प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडले. एका गटाचे टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइड लवकर काढले, दुसऱ्या गटावर नुसते लक्ष ठेवले. अतितीव्र विकाराची मुले यात घेतली नव्हती. सात महिन्यांनी पहिल्या गटातल्या ७९ टक्के मुलांच्या रात्रीच्या नोंदी सामान्य झाल्या, दुसऱ्या गटात ४६ टक्क्यांच्या. पालक आणि शिक्षक यांच्या मते शस्त्रक्रिया झालेल्या मुलांचे वागणे अधिक सुधारले, पण लक्ष केंद्रित करण्याच्या चाचणीतील गुणांत दोन गटांमध्ये लक्षणीय फरक पडला नाही. हे निष्कर्ष २०१३ साली आले. पाहा, विज्ञान कसे बोलते! उपाय गुणकारी आहे, पण सगळ्याच बाबतीत नाही. आणि सौम्य विकाराची पुष्कळ मुले वाढत्या वयाबरोबर आपोआपही सुधारतात. म्हणून प्रत्येक घोरणाऱ्या मुलाला शस्त्रक्रिया हवीच असे नाही, आणि 'मोठेपणी थांबेल' म्हणून कोणालाही न दाखवणे हेही बरोबर नाही.

आपण काय करावे?

शिक्षकमित्रांना एक विनंती. मागच्या बाकावरचा विद्यार्थी रोज पेंगत असेल किंवा सतत चुळबुळत असेल, तर शिक्षा करण्यापूर्वी पालकांना तीन प्रश्न विचारा. तो रोज घोरतो का? झोपेत श्वास थांबल्यासारखे वाटते का? तोंडाने श्वास घेतो का? उत्तरे 'हो' आली तर कान-नाक-घशाच्या किंवा बालरोगांच्या डॉक्टरांना दाखवायला सांगा. झोप न होण्याची इतरही कारणे असतात. रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहणे, पहाटेची शिकवणी, लांबून येण्यासाठी लवकर पकडावी लागणारी एसटी. तीही विचारून घ्यावीत.

आणि विद्यार्थी मित्रांनो, घोरण्यावरून कोणाला चिडवू नका. घरात कोणी रोज मोठ्याने घोरत असेल आणि मध्ये शांतता पडत असेल, तर घड्याळ लावून ती किती सेकंदांची आहे ते मोजा आणि वहीत लिहा. झोपणाऱ्याला स्वतःला हे कधीच दिसत नाही. त्यामुळे डॉक्टरांना तुमची ही नोंद फार उपयोगी पडेल. निदान मात्र त्यांच्यावरच सोपवा.

करून पाहा

१. कागदाची एक कोरडी आणि एक दहा-पंधरा मिनिटे भिजवलेली नळी घ्या. दोन्हींनी पाणी ओढून पाहा. कोणती मिटते? तिच्यात फुंकल्यावर काय होते?

२. दोन कागद तोंडासमोर चार बोटांच्या अंतरावर उभे धरा आणि मधून फुंका. ते दूर जातात की जवळ येतात? कारण लिहा.

३. एका नळीची त्रिज्या ६ मिलिमीटरवरून ४ मिलिमीटर झाली. प्वाझयच्या नियमाने रोध किती पट वाढेल?

४. पाण्याच्या ५ सेंटिमीटर स्तंभाचा दाब पास्कलमध्ये काढा. तो वातावरणाच्या दाबाच्या शेकडा किती आहे?